काचेमागची दुर्री

रविवारी डेकरांच्या दुकानाचे पडदे खाली असत. सॅन बर्नार्डिनोत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शनिवारी दुकान मिटलं की रस्त्याकडच्या एकूण एक काचेमागे जाड हिरवा पडदा सरसर उतरायचा, तो सोमवारी सकाळीच वर जायचा. म्हाताऱ्या कॉर्नेलियस डेकरचं म्हणणं असं, की देवाच्या दिवशी माणसाला खरेदीची वासनासुद्धा होता कामा नये. गावातले टवाळ म्हणत, "वासना मुरू देतो म्हातारा. मुरलेली वासना सोमवारी दुप्पट खर्च करते."

बिलीला लहानपणी या पडद्यांचा राग यायचा. आजोबांच्या दुकानातल्या बाहुल्या रविवारीच बघायला मिळायच्या नाहीत, आणि शाळा नसायची रविवारीच. आता ती स्वतः एका मुलीची आई झाली होती, आणि आठवड्यातली तिची एकुलती एक घटका त्याच पडद्याआड जात होती.

चर्च दुकानाच्या समोरच, रस्ता ओलांडला की. डेकरांचा बाक पहिला. कडेला आजोबा, मग बिलीचा मोठा भाऊ गॅरेट, मग बिली, तिचा नवरा लाईल, आणि मांडीवर नेल. पाद्रीबाबांनी उपदेशासाठी घसा खाकरला रे खाकरला की नेल भोकाड पसरायची. लाईल कुजबुजायचा, "धर्माच्या बाबतीत आपली लेक फार हळवी आहे." बिली लेकीला उचलायची, माना वाकड्या करून बघणाऱ्या बायकांना हातमोजे घातलेल्या हातानेच 'असू द्या, असू द्या' करायची आणि बाहेर पडायची. लाईलच्या खिशातली दुकानाची किल्ली तोवर तिच्या पर्समध्ये आलेली असायची.

मागच्या गल्लीतून, माल उतरवायच्या धक्क्यावरून आत. रविवारचं दुकान म्हणजे पांढऱ्या चादरी पांघरून झोपलेली टेबलं, आणि कालच्या अत्तरांचा शिळा वास. हातमोज्यांच्या काउंटरला वळसा घालून ती दर्शनी काचेच्या मागच्या भिंतीपाशी यायची. त्या भिंतीत कमरेएवढं एक दार होतं. नेलला छातीशी धरून, वाकून, ती आत शिरायची.

आत हिरवा उजेड. बाटलीत बसल्यासारखा. कडेला प्लास्टरची चार मुलं चौकडीचे शर्ट घालून कधीची हसत उभी. पायाशी कागदाची लाल-पिवळी पानं, कारण दुकानात पानगळ गावाच्या महिनाभर आधी येते. आणि मधोमध तिची दुर्री.

बत्तीसच्या फोर्डला गाड्यांच्या नादातली पोरं दुर्री म्हणत, पत्त्यातली दुर्री. पत्त्यांना कधी हात न लागलेल्या डेकरांच्या घरात तो शब्दसुद्धा पाप होता, म्हणून बिलीला तो जास्तच गोड लागायचा. गाडी काळी, चाकांवरची मडगार्डं काढून टाकलेली, रस्त्याला पोट टेकल्यासारखी ठेंगणी. आत अपघातात सापडलेल्या एका मर्क्युरी गाडीचं इंजिन. दारावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'गॅरेट डेकर यांनी स्वतःच्या हातांनी घडवली.'

बिली ती अक्षरं न वाचता दार उघडायची, स्टिअरिंगपाशी बसायची आणि नेलला पाजायला घ्यायची. तेवढा वेळ तिचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर असे.

*

गॅरेटने गाडीचं नुसतं कवच आणलं होतं, भंगारातून. नौदलातून परतल्यावर त्याला हे वेड लागलं, आणि हिवाळा संपायच्या आत उतरलं. आजोबांच्या मागच्या अंगणातल्या जुन्या गाडीखान्यात कवच तसंच राहिलं. एके दिवशी बिली त्यात बसायला म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी पाना घेऊन गेली. इंजिन उघडायचं कसं हे ती इंजिन उघडून शिकली. गॅरेटचे मित्र यायचे, पहिल्यांदा हसायचे, मग गप्प बसायचे, मग 'छोट्या, हे जरा बघ ना' म्हणायचे. लग्नाआधी दोन वर्षं आणि लग्नानंतर पोट स्टिअरिंगला लागेपर्यंत ती तिथेच असायची. घरी जाताना लिंबू आणि साखर लावून हात चोळायची, कारण आजोबा माणसाचा चेहरा नाही, हात बघायचे.

म्हाताऱ्याने आयुष्याची सुरुवात हातमोजे विकून केली होती. बाई दारातून आत आली की तो लांबूनच माप सांगायचा, आणि ते कधी चुकायचं नाही. आजही जेवणाच्या टेबलावर तो घरच्या बायकांच्या नखांवरून नजर फिरवायचा. "डेकर घरची मुलगी," तो म्हणे, "हातांवरून कळली पाहिजे."

घाट चढून पलीकडे गेलं की वाळवंटात एल मिराजचं कोरडं तळं आहे. मैलोन् मैल भेगाळलेली, तव्यासारखी सपाट माती. सगळी पोरं आपापल्या गाड्या तिथे नेत आणि घड्याळ लावून पळवत. दुर्रीही एकदा गेली होती. गॅरेटने चालवली, अर्ध्यातच थांबवली आणि दाराबाहेर तोंड काढून ओकला. बिली कडेला उभी होती, कारण क्लबच्या नियमात बायकांनी बसायची जागा म्हणजे कडेलाच. तिने दुर्री चालवली होती ती फक्त संत्र्यांच्या बागेतल्या गाडीवाटेवर, दुसऱ्या गिअरच्या वर कधी नाही. त्या तळ्यावर एकदा, एकदाच, पाय शेवटपर्यंत दाबून जायचं, एवढंच तिला हवं होतं. नेल झाली आणि ते 'पुढच्या महिन्यात' झालं. मग 'दात येऊन गेले की' झालं.

आणि मग या उन्हाळ्यात आजोबा गाडीखान्यात शिरले. गाडी पाहिली, वाकून आत बघितलं, बराच वेळ बघितलं. संध्याकाळी टेबलावर त्यांनी गॅरेटच्या खांद्यावर हात ठेवला. "ही तू केलीस?" गॅरेटच्या खांद्यावर तो हात जन्मात पहिल्यांदा आला होता. त्याच्या तोंडून 'हो' निघालं नाही, पण 'नाही'ही निघालं नाही. बिली समोरच बसली होती, नेलला उकडलेलं गाजर भरवत. तिला वाटलं, आत्ता सांगेल. मग वाटलं, उद्या सांगेल. उद्या वर्तमानपत्रात गॅरेटचा फोटो आला.

मग ठरलं की शाळा सुरू व्हायच्या हंगामात दुर्री दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवायची. मुलांचे कपडे घेणाऱ्याला चिठ्ठी, आणि हंगामाच्या शेवटच्या शनिवारी सोडत. ज्याची चिठ्ठी त्याची गाडी. गॅरेट सगळ्यांसमोर ती सुरू करून देणार. आणि काच सजवणार कोण? काचा सजवायचं खातं ज्याचं, तो. म्हणजे बिलीचा नवरा.

गाडी हलवली तेव्हा नेल तापाने फणफणली होती आणि बिली घरात अडकली होती. गॅरेटने येऊन सांगितलं, "काच काढून आत घातली आणि परत बसवली. मागे भिंत पक्की आहे. आता ती कुठे जात नाही." तेव्हापासून बिली लाईलशी मीठ, दूध, नेलची शी, सगळ्यावर बोलत होती. गाडीवर एक शब्द नाही.

शेवटचा शनिवार आता सहा दिवसांवर आला होता.

*

छोट्या दाराची कडी वाजली. बिलीने घाईघाईने ब्लाऊज सारखा केला.

"मीच आहे." आधी गॅरेटचं डोकं आत आलं, मग सावकाश उरलेला गॅरेट. "खोकल्याचं सोंग करून निघालो."

"तुला खोकता येत नाही. मागच्या वेळी सगळ्यांना वाटलं तू हसतोयस."

"बिली, ती सुरू होत नाहीये."

"कोण?"

"कोण काय कोण! ही तुझी दुर्री. शुक्रवारी सगळे गेल्यावर करून बघितली. स्टार्टर फिरतो, घरघरतो, इंजिन ढिम्म. शनिवारसाठी टाकी भरलीय, बॅटरी नवी आहे. आजोबा म्हणतील 'गॅरेट, कर सुरू', आणि अख्ख्या गावासमोर मी काय करू? तोंडाने आवाज काढू?"

"लहानपणी छान काढायचास."

"बिली!"

नेल दचकली. बिलीने तिच्या पाठीवर थोपटलं. "चोरबटण आहे," ती शांतपणे म्हणाली.

तळ्यावर जाणारी सगळीच पोरं गाडीत कुठेतरी एक चोरबटण बसवत. ते दाबल्याशिवाय ठिणगी पडत नाही. कुणी बसवलं, कुठे बसवलं, हे बायकोलासुद्धा सांगायचं नाही, अशी रीत. बिली स्वतःच बायको असल्यामुळे तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

गॅरेट गाडीच्या पायरीवर बसला. "कुठे आहे?"

"आधी मला तळ्यावर जायचंय. एकदा. मग सांगते."

"कशाने जाणार? उडून?" त्याने समोरच्या पडद्याकडे आणि मागच्या भिंतीकडे हात केला. "पुढे काच, मागे भिंत. हिला बाहेर काढायला शनिवारी काचवाले येणार. त्यांना काय सांगू, माझ्या बहिणीला फेरफटका मारायचाय?"

बिलीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर लाईलने खेळाचं मैदान रंगवलं होतं, लांबवर टोप्या उडवणारी माणसं. लांबी छान साधली होती. पण हात लावला की लाकूड लागत होतं.

"मला कुठे हवं होतं गं हे?" गॅरेट म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "मी रोज सकाळी टाय बांधतो ना, तेव्हा वाटतं, आज सांगू. आणि मग ते खांद्यावर हात ठेवतात. तुला नाही कळायचं."

"खांद्यावरचा हात? नाही. माझ्या हातांची फक्त नखं बघतात."

त्याने टाय सैल केला. त्याच्या मानेवर कॉलरचा लाल वळ उठला होता. लहान असताना दोघं याच भिंतीमागे लपाछपी खेळायचे आणि तो नेहमी आधी सापडायचा, कारण त्याला एकटं राहवायचं नाही. बिलीला त्याची दया आली. दया आली की ती हरायची, हे तिला पक्कं माहीत होतं.

"डॅशबोर्डच्या खाली," ती म्हणाली. "डाव्या बाजूला पत्र्याचा आधार आहे, त्याच्या मागे फट. आत हात घाल आणि वर वळव."

गॅरेटने कोट काढला, बाही दुमडली, आडवा झाला. खुडबुड. शिव्या. रविवार आठवून गिळलेल्या शिव्या.

"जात नाहीये."

"अजून आत."

"अगं मनगटाशी अडतोय! आई गं... आता निघतही नाहीये!"

बिली हसू दाबत होती, पण नेलने दाबलं नाही. मामाचे पाय गाडीबाहेर असे तडफडताना पाहून ती खिदळायला लागली. शेवटी हात सुटला, बोटांची सालटी काढून. गॅरेट बोटं तोंडात घालून बिलीकडे बघत राहिला.

"तू मुद्दाम केलंस."

"नाही रे." आणि ते खरं होतं. ते बसवताना तिच्या डोक्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हताच. जिथे तिचा हात सहज गेला, तिथे ते बसलं.

*

लाईल आला तो लंगोटांची पिशवी घेऊन. "बाकावरच विसरलीस. मिसेस पॉटर त्यावर बसल्या होत्या. पाद्रीबाबा अजून बायबलातल्या लोटाच्या बायकोपाशीच आहेत, मागे वळून बघून मिठाचा खांब व्हायची आहे ती." मग त्याला गॅरेटची बोटं दिसली, बिलीचा चेहरा दिसला. "काय झालं?"

"तुझ्या बायकोला एल मिराजला जायचंय," गॅरेट फणकारला. "भिंतीतून."

"कुठल्या भिंतीतून?"

"ही! ही बांधून ठेवलीयस ती!"

लाईलने भिंतीकडे असं पाहिलं, जसं कुणी त्याच्या टोपीला डोंगर म्हणालं असावं. "ही? ही बांधलेली नाहीये. काचेमागचं काहीच कधी बांधलेलं नसतं. दर पंधरवड्याला बदलावं लागतं ना सगळं. खिळा मारणाऱ्याला आमच्यात शिकाऊ म्हणतात." तो कोपऱ्यात गेला, कागदाची पानं पायाने सरकवली, वर हात केला आणि एक आकडा काढला. मग दुसरा. खेळाचं मैदान, उडत्या टोप्यांसकट, कागदाच्या पडद्यासारखं एका अंगाला कललं. त्यामागे अंधारातली हातमोज्यांची टेबलं दिसली, आणि पार शेवटी धक्क्याच्या दाराखालची उजेडाची रेघ.

बिली गाडीतून उतरली. इतके रविवार ती या भिंतीकडे पाठ करून बसली होती.

"पण काच काढून आत आणली ना?" गॅरेटने विचारलं.

"तू बघितलेस ते काचवाले आले होते टोप्यांच्या खिडकीसाठी. तिला तडा गेला होता. गाडी धक्क्यावरून आणली, ढकलत, मधल्या वाटेने. उतारासाठी टाकलेल्या फळ्या अजून खालीच आहेत."

"मला का नाही सांगितलंस?" बिली म्हणाली.

"तू विचारलंस कुठे?" लाईल पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होता. "मला वाटलं, तुझी गाडी सगळ्या गावाने बघावी अशी जागा ही एकच आहे. म्हणून जीव ओतून मांडली. नाव मला सांगितलं तेच लिहावं लागलं. पण ते बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहिलंय, रंगाने नाही. म्हटलं, कधीतरी पुसता येईल. मग तू माझ्याशी बोलेनाच."

 मग तिने पिशवीतून एक लंगोट काढला, नेलच्या पाण्याच्या बाटलीतून ओला केला आणि दारापाशी बसली. पहिलं 'गॅ' निघायला जरा वेळ लागला. बाकीची अक्षरं चिखलासारखी आली.

गॅरेट उभा होता. "आजोबा मला मारून टाकतील," तो म्हणाला. आणि बाह्या सारख्या करायच्या ऐवजी त्याने दुसरी बाहीही वर केली. "फळ्या कुठेत?"

*

दुर्री उलट्या तोंडाने दुकानातून निघाली. दोघे पुरुष पुढून ढकलत होते, बिली दारातून हात घालून स्टिअरिंग सांभाळत होती, आणि नेल रुमालांच्या काउंटरवर चादरीच्या घडीत मांडून ठेवलेली, ही सगळी वरात बघत होती. अत्तरं गेली, रेशमी मोजे गेले. हातमोज्यांच्या काउंटरपाशी मागचं चाक जरा घासलं आणि लाकडी हातांची एक रांग हलली. नमस्कार केल्यासारखी नाही, निरोप दिल्यासारखी.

धक्क्याचं दार उघडल्यावर ऊन एकदम आत पडलं.

"नेलला आधी बाहेर ने," बिली म्हणाली. "धुरात नको."

लाईल लेकीला घेऊन गल्लीत गेला. बिली आत बसली, डावा हात डॅशबोर्डखाली घातला. पत्र्याची गार कड मनगटावरून गेली, बोटाला बटण लागलं. वर. मग स्टार्टर.

इंजिन एकदा खोकलं, अगदी गॅरेटसारखं, आणि मग लागलं. सुताराच्या दुकानात घोडा शिरावा तसा आवाज धक्क्याभर झाला. तो तिच्या पायातून मांडीत, मांडीतून पाठीत चढला. तिचे डोळे भरून आले. रडू नव्हतं ते. कुणीतरी फार दिवसांनी नावाने हाक मारल्यासारखं झालं होतं.

त्या आवाजात चर्चची घंटा कुणाला ऐकू आली नाही. बिलीने गल्लीकडे वळून पाहिलं, तेव्हा धक्क्याच्या तोंडाशी आजोबा उभे होते. काळा कोट, काठी, टोपी हातात. ते धावले नसणार, पण धापा टाकत होते.

"विल्हेल्मिना."

पूर्ण नावाने ते फक्त बारशाला आणि लग्नाला बोलले होते.

"आज रविवार आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे, आजोबा."

"गाडी जागेवर ठेव."

"ही माझी आहे. मी केलीय. गॅरेटने नाही." शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिला वाटलं, आता आकाश पडेल. म्हाताऱ्याची पापणी हलली नाही. त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि काहीतरी काढलं. पिवळट कातडी हातमोजा, बागकामाचा, बोटांशी तेलाने काळा झालेला. उन्हाळ्यापासून ती शोधत होती तो.

"सीटखाली होता," आजोबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी. साडेसहाचा. गॅरेटचा हात नऊचा. मला कुणी हात शिकवायला नकोत."

इंजिन चालू होतं, तरी बिलीला वाटलं सगळं थांबलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दुकानावर उद्या गॅरेटचं नाव लागायचंय. काहीतरी घडवलेला माणूस हवा गावाला. तुला कशाला हवंय ते? तुझा संसार आहे, लेकरू आहे. तुझं नाव आता डेकर तरी कुठे आहे?" हे ते रागाने बोलले नाहीत. कापडाचा भाव सांगावा तसं बोलले. "ही सुरू कशी करतात, ते गॅरेटला दाखव. आणि घरी ये. जेवण थांबलंय."

आयुष्यभर अशीच जेवणं थांबत आली होती. तिचा पाय क्लचवरून सैल होत होता. तिला तो सैल होताना कळत होता.

"दाखवलं तिने," गॅरेट मागून म्हणाला. "डॅशबोर्डखालच्या फटीत चोरबटण आहे. माझा हात जात नाही."

आजोबांनी गॅरेटच्या हाताकडे पाहिलं. सोललेली बोटं, मनगटावरचा ओरखडा. मग डॅशबोर्डखालच्या फटीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांनी माप घेतलं, नेहमीसारखं, लांबून, अचूक. आणि पहिल्यांदाच त्या मापाने त्यांचं काही भलं झालं नाही.

"मग ते हलव," ते बिलीला म्हणाले.

"हलवीन. आज नाही." तिने हात बाहेर काढला आणि हातमोजा धरला. "हा माझा."

म्हाताऱ्याची बोटं तिला वाटलं तेवढी घट्ट नव्हती.

तिने गिअर टाकला. आजोबा ओरडले, "गॅरेट! थांबव तिला!"

"मला ती सुरू करता येत नाही, आजोबा," गॅरेट म्हणाला. "थांबवता कुठून येणार?"

*

संत्र्यांच्या बागा संपल्या, घाट लागला. चर्चसाठी केसांत खोचलेली पिन वाऱ्याने कुठेतरी उडाली. दुर्री चढावर गुरगुरत होती, स्वतःच्या मनाने आणि बिलीच्याही. घाटाच्या माथ्यावर मात्र बिलीच्या छातीत ती ओळखीची कळ आली आणि ब्लाऊज दोन्हीकडे दुधाने भिजला. तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. देहाला चोरबटण नसतं. त्याला घड्याळ कळतं, तेवढंच कळतं.

पुढे वाळवंट पसरलं होतं. मागे घर होतं, थांबलेलं जेवण होतं. आणि ती दोन्हीच्या मधोमध, भिजलेली.

मग घाटातून दुकानाची मालाची व्हॅन वर आली, 'डेकर, घरपोच' असं लिहिलेली. लाईल उतरला, काखेत किंचाळणारी नेल.

"घरपोच," तो म्हणाला आणि लेक तिच्या मांडीत ठेवली.

नेल लुचायला लागली. वाऱ्याने गाडीवर वाळूचे कण टिचत होते. लाईल पायरीवर बसून धूळ भरलेले बूट पुसत होता.  बोलण्यासारखं खूप होतं, आणि पुढे सगळा आठवडा होता त्याला.

तळ्यावर त्या रविवारी कुणीच नव्हतं. नेलला बापाच्या खांद्यावर देऊन बिलीने उजव्या हातात हातमोजा चढवला. पहिला गिअर, दुसरा, आणि मग तो तिसरा, जो बागेत कधी टाकायला मिळाला नव्हता. तिने पाय शेवटपर्यंत दाबला. मातीच्या भेगा एकमेकींत मिसळल्या आणि एकच करडी रेघ झाली. भिंत नव्हती, काच नव्हती. एकदा वाटलं, असंच जावं. तळं जिथे धुरकट होऊन आकाशात मिसळतं, तिथवर. मग तिने आरशात बघितलं. मागे एक ठिपका आणि त्याच्या खांद्यावर अजून बारका ठिपका.

तिने मोठा वळसा घेतला आणि परत आली. हसत होती, आणि गालांवर धुळीतून दोन ओघळ आले होते.

"किती वेग?" लाईलने विचारलं.

"घड्याळ कुठे होतं?"

त्याने लंगोटांच्या पिशवीतून बुटाच्या पांढऱ्या पॉलिशची बाटली काढली. तिच्या नकळत कधी टाकली होती कुणास ठाऊक. "दारावर काय लिहू? संध्याकाळी ती परत काचेत जायची. सोमवारी पडदा वर जाईल."

"माझं नाव."

"म्हातारा सोमवारी पुसायला लावेल."

"मग मंगळवारी परत लिही. आपल्या दुकानात पॉलिशला काय तोटा?"

"आणि मला काढून टाकलं तर?"

बिलीने तो हात त्याच्यासमोर धरला, पिवळट, तेलकट, बोटं पसरून. "शनिवारी अख्खं गाव जमणार आहे. ती सुरू करायला साडेसहाचा हात लागतो. घरात आहे दुसरा?"

लाईलने तिच्या हाताकडे पाहिलं. मग बाटलीचं झाकण दातांनी काढलं आणि दारापाशी गुडघे टेकून बसला.